डॉ. शंकर पुरुषोत्तम आघारकर



काजू, आंबा आणि बिब्बा ही तिन्ही झाडे एकाच कुळातील आहेत, असे वर्गात सांगितले की मुले हसतात. परंतु आंब्याचा चीक, काजूच्या टरफलाचे तेल आणि बिब्ब्याचे तेल तिन्ही अंगावर उततात, हे घरी आजीला विचारा. वनस्पतींची कुळवार मांडणी करणारे जर्मनीचे थोर शास्त्रज्ञ अॅडॉल्फ एंग्लर यांच्याकडे शिकलेला एक मराठी माणूस होता. त्यांचेच हे चरित्र.

आघारकरांचा जन्म १८ नोव्हेंबर १८८४ रोजी मालवण येथे झाला. मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात ते शिकले व पुढे तेथेच शिकवू लागले. सह्याद्रीत हिंडताना त्यांना कृष्णेच्या उपनद्यांत गोड्या पाण्यातील जेलीफिश सापडले. त्या प्रकारचे जेलीफिश तोपर्यंत केवळ आफ्रिकेतच माहीत होते. वनस्पतींच्या अभ्यासकाला प्रथम नाव मिळाले ते एका प्राण्यामुळे, ही गंमतच! (जेलीफिशला हृदय नाही, रक्त नाही, रक्तवाहिन्याही नाहीत. धमनी आणि शिरा पाठ करणाऱ्या दहावीच्या मुलांनी याचा विचार करावा.)

कलकत्ता विद्यापीठाने त्यांना वनस्पतिशास्त्राचे घोष प्राध्यापक नेमले आणि उच्च शिक्षणासाठी ते जर्मनीला गेले. इतक्यात १९१४ चे महायुद्ध पेटले. ब्रिटिश प्रजाजन म्हणून आघारकर शत्रूच्या देशातले ठरले आणि स्थानबद्ध झाले. घर दूर, युद्ध कधी संपेल याचा नेम नाही. तरीही त्यांनी अभ्यास सोडला नाही. वायव्य भारतातील कोरड्या व खारट जमिनीवरच्या वनस्पती कोठून आल्या आणि त्यांचे बी कसे पसरते, या विषयावर प्रबंध लिहून १९१९ साली त्यांनी बर्लिनची डॉक्टरेट मिळविली. मगच ते परतले.

कलकत्त्यात त्यांनी १९४६ पर्यंत अध्यापन केले. निवृत्तीनंतर विश्रांती घेण्याऐवजी त्याच वर्षी पुण्यात महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी ही संशोधन संस्था उभारण्यात ते अग्रभागी राहिले आणि तिचे पहिले संचालक झाले. तेव्हा त्यांचे वय साठीच्या पुढे होते. एमएसीएस नावाचे गव्हाचे वाण याच संस्थेचे. सप्टेंबर १९६० मध्ये त्यांचे निधन झाले.

१९९२ साली संस्थेला आघारकर संशोधन संस्था हे नाव मिळाले. ती ज्या रस्त्यावर आहे त्याचे नाव मात्र गोपाळ गणेश आगरकर रस्ता. सहलीला पुण्याला गेलात तर दोन्ही पाट्या नीट वाचा; 'ग' आणि 'घ' चा घोटाळा मोठी माणसेही करतात.