साडेसहा किलोबाइटचा संसार

दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरून माझा जुना लॅपटॉप खाली आला. धूळ पुसली, बटण दाबलं, तर पंखा घरघरला आणि यंत्र चक्क चालू झालं! मुलीनं मात्र निकाल देऊन टाकला. बाबा, ह्याच्यावर नवी विंडोज बसत नाही, भंगारात द्या. तिचंही खरं होतं. २०२१ साली आलेल्या विंडोज ११ला निदान ४ गिगाबाइट मेमरी आणि ६४ गिगाबाइट साठवणीची जागा लागते. माझ्या बापड्या लॅपटॉपकडे मेमरी दोनच गिगाबाइट.

यंत्र धडधाकट आणि तरीही निकामी? भंगाराच्या पोत्याकडे बघताना मला एकदम गॅरी किल्डॉल आठवला. त्याचं मी एक देणं लागतो, ते आज फेडायचं आहे.

१९९०च्या दशकात मी तालुक्याच्या गावी संगणकाचे वर्ग घेत असे. पहिल्याच दिवशी मुलांना एक गोष्ट सांगायचो. आयबीएमसारखी बलाढ्य कंपनी एका माणसाच्या दाराशी लक्ष्मी घेऊन आली आणि हा गृहस्थ विमान उडवायला निघून गेला! मुलं हसत. संधी दवडू नये, हे तात्पर्य फळ्यावर लिहून मी मोकळा होई. तो माणूस म्हणजे किल्डॉल.

गॅरीचा जन्म १९४२चा, अमेरिकेतल्या सिअ‍ॅटलचा. घरची शाळा होती, खलाशांना नौकानयन शिकवणारी. गॅरीलाही गणिताचा शिक्षकच व्हायचं होतं. पण वॉशिंग्टन विद्यापीठात संगणकाशी गाठ पडली आणि वाट बदलली. तरी शिक्षकी सुटली नाही. कॅलिफोर्नियात मॉन्टेरे इथल्या नौदलाच्या पदव्युत्तर विद्यालयात तो शिकवू लागला. १९७२ साली डॉक्टरेटही मिळवली.

त्या सुमारास इंटेल कंपनीनं नखाएवढ्या चिपवर संगणकाचा मेंदू बसवला होता. गॅरी तिथे सल्लागार म्हणून जाऊ लागला. चिप होती, पण तिच्याभोवती घरगुती संगणक उभा करायचा तर माहिती ठेवायची कशात? त्यानं चाचण्यांमध्ये झिजलेला एक फ्लॉपी ड्राइव्ह पैदा केला. तो चिपला जोडणारं सर्किट काही त्याला जमेना. अखेर जॉन टोरोड या मित्रानं ते बनवून दिलं आणि १९७४ साली गॅरीची सीपी/एम ही कार्यप्रणाली त्या ड्राइव्हवरून चालू झाली.

तिच्या गरजा किती, तर सोळा किलोबाइट मेमरीत ती सुखानं नांदे. विंडोज ११ला लागणारी मेमरी याच्या अडीच लाखांहून अधिक पट आहे! आठ इंची फ्लॉपीवर ७७ वर्तुळाकार पट्टे असत. त्यांतले पहिले दोन, म्हणजे अवघे साडेसहा किलोबाइट, या प्रणालीसाठी राखलेले. उरलेले ७५ वापरणाऱ्याचे. मेमरीतही ती वरच्या टोकाला अंग चोरून बसे. मोठा प्रोग्राम आला, तर आज्ञा वाचणारा आपला भागसुद्धा त्याला देऊन टाकी आणि काम संपल्यावर फ्लॉपीवरून पुन्हा आणवी. पाहुणे आले की घरधन्यानं पडवीत अंथरूण टाकावं, तसंच हे!

आणखी एक शहाणपण त्यानं केलं. त्या काळी प्रत्येक कंपनीचं यंत्र वेगळं. गॅरीनं यंत्राशी थेट बोलणारा भाग वेगळा काढला आणि त्याला बायोस हे नाव दिलं. नवं यंत्र आलं की तेवढाच तुकडा नव्यानं लिहायचा, बाकी सारं तसंच. त्यामुळे सीपी/एम शेकडो प्रकारच्या यंत्रांवर पोचली. वर्डस्टारसारखी सॉफ्टवेअरं आधी तिच्यावरच रुजली. पत्नी डोरोथीसह त्यानं काढलेली डिजिटल रिसर्च ही कंपनी भरभराटीला आली.

आणि मग १९८०चा तो दिवस उजाडला. गॅरी विमानानं गेला होता हे खरं. पण मौजेखातर नव्हे, एका ग्राहकाकडे कामासाठी. मागे डोरोथीपुढे आयबीएमच्या मंडळींनी गोपनीयतेचा करार ठेवला. तो एकतर्फी वाटल्यानं तिनं सही करायचं टाळलं. पुढच्या घटनांबद्दल हजर असलेल्यांच्याच हकिगती जुळत नाहीत. आयबीएम मायक्रोसॉफ्टकडे वळली. मायक्रोसॉफ्टनं दुसऱ्याच एका कंपनीची प्रणाली विकत घेतली, आणि तिची घडण होती सीपी/एमच्याच वळणावर! गॅरीनं तक्रार केल्यावर आयबीएमनं सीपी/एमही विकायला ठेवली खरी, पण किंमत २४० डॉलर. शेजारी डॉस ४० डॉलरला. गिऱ्हाईक काय घेणार?

गॅरी त्यानंतर रडत बसला नाही. त्याच्या दुसऱ्या एका कंपनीनं १९८५ साली अख्खा ज्ञानकोश एका सीडीवर आणला. दूरचित्रवाणीवर संगणकाच्या कार्यक्रमाचा सहसूत्रधार म्हणून तो लोकांना शिकवत राहिला. पण विमान उडवायला गेलेला माणूस ही ओळख काही पुसली गेली नाही. १९९१ साली डिजिटल रिसर्च नॉव्हेलकडे गेली. दारूनं त्याला घेरलं. जुलै १९९४मध्ये मॉन्टेरेतल्या एका मद्यगृहात डोक्याला मार लागला आणि तीन दिवसांनी तो गेला. वय अवघं बावन्न.

मी मात्र त्यानंतरही कित्येक वर्षं फळ्यावर तेच तात्पर्य लिहीत होतो. एका माणसाचं सारं आयुष्य मी एका सकाळीत कोंबलं आणि त्यावर पोरांना हसवलं. वर त्याच तासाला सी ड्राइव्ह म्हणजे काय, हेही शिकवलं. ड्राइव्हला अक्षरानं ओळखायची रीत डॉसनं गॅरीच्याच प्रणालीकडून उचलली, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

लॅपटॉप भंगारात गेला नाही. त्यावर एक हलकी लिनक्स बसवली. सुरू व्हायला जरा वेळ लागतो. पण लेख लिहिता येतो, हाच लेख त्यावर लिहिला. माझ्या वर्गातली मुलं आता चाळिशी-पन्नाशीची असतील. त्यांतलं कुणी हे वाचत असेल, तर त्यांनी फळ्यावरचं ते तात्पर्य पुसून टाकावं. विमान विसरा, आपण कमी जागेत राहून दुसऱ्याला मोकळी जागा देणारा माणूस म्हणून गॅरी किल्डॉल लक्षात ठेवा.