वनौषधींचे जोपासक डॉ. गिब्सन

स्कॉटलंडमध्ये १८०० साली जन्मलेले डॉ. अलेक्झांडर गिब्सन हे कंपनी सरकारचे शल्यवैद्य. १८३८ साली पुण्याजवळील दापोडीची वनस्पतिबाग त्यांच्याकडे आली. विलायती औषधांवरील सरकारी रुग्णालयांची भिस्त कमी व्हावी, म्हणून हिमालयासारख्या थंड प्रदेशांत वाढणारा खुरासानी ओवा त्यांनी जुन्नरजवळ हिवरे येथे रुजविला. त्याचा अर्क मुंबईच्या रुग्णालयात कसास उतरला.

परंतु वाफा म्हणजे रान नव्हे. उघडे पडत चाललेले डोंगर पाहून त्यांनी सरकारला इशारे दिले. १८४७ साली ते मुंबई इलाख्याचे वनसंरक्षक झाले. बेळगावची रानेही त्याच इलाख्यातली. डॅल्झेल यांच्यासह सिद्ध केलेला त्यांचा 'बॉम्बे फ्लोरा' १८६१ साली प्रसिद्ध झाला. १८६७ साली ते निवर्तले.