बासरीवाला सेनापती

प्रशियाचा राजा दुसरा फ्रेडरिक याची ओळख आपणांस होते ती रणधुरंधर म्हणून. सायलेशियाचा प्रांत, सप्तवार्षिक युद्ध, रॉसबाख आणि लॉयथन येथील १७५७ सालचे विजय, एवढे पाठ झाले की विद्यार्थी पुढल्या धड्याकडे वळतो. परंतु हा सेनापती मोहिमेवर निघाला की सामानात बासऱ्याही असत, ही गोष्ट क्रमिक पुस्तकांत सहसा येत नाही.

त्याचा जन्म २४ जानेवारी १७१२ रोजी बर्लिन येथे झाला. पिता फ्रेडरिक विल्यम काटकसरी, शिस्तीचा भोक्ता आणि कमालीचा तापट. उंचच उंच शिपाई गोळा करणे हा त्याचा छंद. संगीत आणि फ्रेंच रीतिभाती यांचा मात्र त्यास तिटकारा. मुलगा नेमका त्यांतच रमणारा. चारचौघांदेखत छडीचा मार खावा आणि रात्री थोरली बहीण विल्हेल्मिना हिच्यासह गुपचूप वाजवीत बसावे, असे त्याचे बालपण गेले. ती ल्यूट हे तंतुवाद्य वाजवी. तो आडवी बासरी.

१७२८ पासून क्वांट्झ नावाचा नामांकित बासरीवादक त्यास चोरून शिकवू लागला. एकदा शिकवणी चालू असता राजाची चाहूल लागली. क्वांट्झ बासऱ्यांसह सरपणाच्या अंधाऱ्या खोलीत दडून बसला. तो सापडला नाही. सापडला तो राजपुत्राचा जरीचा झगा, आणि बापाने तो आगीत फेकला. इथवर हसू येते. पुढचे हसण्यासारखे नाही.

१७३० साली अठरा वर्षांच्या फ्रेडरिकने जाच असह्य होऊन इंग्लंडला पळून जाण्याचा बेत केला. बेत फसला. त्याचा सोबती लेफ्टनंट काट्टे यास लष्करी न्यायालयाने जन्मठेप दिली होती. राजाने ती स्वतःच्या अधिकारात मृत्युदंडात बदलली. ६ नोव्हेंबर रोजी क्युस्ट्रिनच्या किल्ल्यात त्या तरुणाचा शिरच्छेद झाला, आणि तो राजपुत्राने खिडकीतून पाहावा अशी आज्ञा होती. तो बेशुद्ध पडला. त्यानंतर त्याने बापाची मर्जी सांभाळली, पलटणीची कवाईत मन लावून शिकली आणि १७३३ मध्ये बापाने निवडलेल्या एलिझाबेथ क्रिस्टीनशी विवाहही केला. बासरी मात्र सोडली नाही.

आपल्याकडे थोरले बाजीराव रावेरखेडी येथे निवर्तले त्याच वर्षी, १७४० च्या मे महिन्यात, फ्रेडरिक गादीवर आला. वर्ष संपण्यापूर्वीच त्याने ऑस्ट्रियाच्या सायलेशियावर चाल केली. त्या स्वारीस न्यायाचे पाठबळ होते असे म्हणवत नाही. मोल्वित्झच्या पहिल्याच लढाईत, सारे हरले असे समजून, त्याने रणांगण सोडले. मागे राहिलेल्या सेनापतीने ती जिंकली. पुढे मात्र तो युद्धशास्त्रात असा निष्णात झाला की सारे युरोप त्यास वचकू लागले.

१७४७ मध्ये पॉट्सडामजवळ त्याचा सांसुसी हा लहानसा प्रासाद पुरा झाला. तेथे सायंकाळी मैफल भरे. राजा स्वतः बासरी वाजवी. ज्याला एके काळी सरपणात दडावे लागले तो क्वांट्झ आता वर्षाला २,००० टालर वेतनावर दरबारात होता आणि राजाच्या वादनास मोकळी दाद देण्याची मुभा त्यालाच होती. राजाने स्वतः बासरीसाठी शंभराहून अधिक सोनाटा रचले. याच वर्षीच्या मे महिन्यात थोर संगीतकार योहान सेबास्टियन बाख पॉट्सडामला आला. त्याचा मुलगा राजाच्या पदरी होता. राजाने एक स्वरावली पुढे ठेवली. बाखने तिच्यावर तेथल्या तेथे विस्तार करून दाखविला आणि घरी जाऊन ‘म्युझिकल ऑफरिंग’ हा ग्रंथच तिच्यावर रचला.

मुक्या प्राण्यांवर त्याचा फार जीव. सडपातळ, तुरतुरीत इटालियन शिकारी कुत्री त्याच्या खोलीत मोकळी हिंडत. सेवकांनी त्यांना अहो-जाहो करावे असा दंडक होता, असे सांगतात. १७४५ साली सोरच्या लढाईत शत्रूने त्याचे सामान लुटले. बासऱ्या गेल्या आणि बीश नावाची लाडकी कुत्रीही गेली. लढाई राजाने जिंकली होती, तरी जीव बीशपाशी अडकला होता. ऑस्ट्रियनांनी पुढे तिला सन्मानाने परत पाठविले. म्हातारपणीचा त्याचा कोंदे हा घोडा धन्याच्या मृत्यूनंतर अठरा वर्षे जगला.

माणसांविषयी तो इतका सरळ नव्हता. पत्नीला त्याने आयुष्यभर दूर ठेवले. धाकटा भाऊ ऑगस्ट विल्यम याचा माघारीबद्दल जाहीर पाणउतारा केला. पुढल्या वर्षी तो खचलेल्या मनाने वारला. मनाच्या आतल्या दालनात आई आणि विल्हेल्मिना यांनाच जागा होती. १८ जून १७५७ रोजी कोलिन येथे त्याचा दारुण पराभव झाला, आणि दहा दिवसांनी आई गेली. १४ ऑक्टोबर १७५८ रोजी होखकिर्च येथे पहाटेच्या अंधारात ऑस्ट्रियनांनी त्याच्या छावणीवर घाला घातला. त्याच दिवशी दूर बायरॉयट येथे विल्हेल्मिनाने प्राण सोडला. पराभवाचे दुःख त्यापुढे काहीच नव्हते. दहा वर्षांनी त्याने सांसुसीच्या उद्यानात तिच्या स्मरणार्थ मैत्रीचे मंदिर उभारण्यास घेतले.

१७६३ मध्ये युद्ध संपले तेव्हा सायलेशिया हाती राहिला, पण प्रशियाचे सुमारे १,८०,००० सैनिक कामी आले होते. राजा पन्नाशीतच म्हातारा दिसू लागला. दात पडले, संधिवाताने बोटे आखडली, आणि कधीतरी बासरीही कायमची पेटीत गेली.

आपल्याला सांसुसीच्या गच्चीवर कुत्र्यांशेजारी पुरावे, अशी त्याची इच्छा होती. कबरही फार आधी बांधून ठेविली होती. १७ ऑगस्ट १७८६ रोजी तो गेला. वारस असलेल्या पुतण्याला राजाला असे पुरणे शोभेना. त्याने चुलत्याला पॉट्सडामच्या लष्करी चर्चमध्ये, ज्या बापाने झगा जाळला त्याच्याच शेजारी ठेविले. दुसऱ्या महायुद्धात त्या शवपेटीची हलवाहलव सुरू झाली. अखेर १७ ऑगस्ट १९९१ रोजी, बरोबर दोनशे पाच वर्षांनी, मध्यरात्रीच्या सुमारास, ती सांसुसीच्या गच्चीवर कुत्र्यांच्या अकरा कबरींशेजारी उतरविण्यात आली.