विश्लेषण : १९ मृत्यू, पाच वर्षांचा कलंक आणि प्लेगची लस… कोण होते वाल्देमार हाफकिन?

करोनाची दुसरी लाट डोके वर काढत असताना, २३ फेब्रुवारी २०२१ रोजी वाशिम जिल्ह्यातील पोहरादेवी येथे हजारो लोक जमले. बंजारा समाजाची काशी मानल्या जाणाऱ्या या तीर्थक्षेत्री तत्कालीन वनमंत्री संजय राठोड आले होते. गर्दीचे नियम मोडल्यावरून राज्यभर वाद झाला. काही दिवसांतच तेथील महंतांसह काही जणांना लागण झाल्याचे समोर आले. पुढे लसीकरण वाढू लागले तेव्हा गावोगावी तोच प्रश्न होता. सरकार सांगते त्यावर, डॉक्टर सांगतात त्यावर विश्वास ठेवायचा का?

हा प्रश्न महाराष्ट्राला नवा नाही. सव्वाशे वर्षांपूर्वी मुंबईत एका परदेशी शास्त्रज्ञाला त्याचे उत्तर शोधावे लागले. त्याचे नाव आज परळच्या हाफकिन संस्थेला आहे.

हाफकिन कोण होते?

वाल्देमार हाफकिन यांचा जन्म १५ मार्च १८६० रोजी, तेव्हा रशियन साम्राज्यात असलेल्या ओडेसा येथे ज्यू कुटुंबात झाला. पुढे नोबेल मिळवणारे इल्या मेचनिकोव्ह हे त्यांचे गुरू. ज्यूंवरील हल्ल्यांच्या काळात हाफकिन स्वसंरक्षण गटात उतरले आणि त्यांना अटकही झाली. धर्म बदलला असता तर विद्यापीठात बढतीची वाट मोकळी होती. त्यांनी तो बदलला नाही.

१८८८ मध्ये त्यांनी देश सोडला. जिनिव्हानंतर ते पॅरिसच्या पाश्चर संस्थेत पोहोचले, तेही साहाय्यक ग्रंथपाल म्हणून. ग्रंथालयातील काम संपले की ते प्रयोगशाळेत बसत. तिथेच पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची लस तयार झाली. १८ जुलै १८९२ रोजी त्यांनी ती आधी स्वतःला टोचून घेतली. ते प्राणीशास्त्राचे अभ्यासक होते, वैद्यकीय पदवीधर नव्हते. वैद्यकीय वर्तुळातील अनेकांना ही गोष्ट कायम खटकत राहिली.

भारतात त्यांचे स्वागत कसे झाले?

१८९३ मध्ये ते कोलकात्यात उतरले. सुरुवातीला काही ठिकाणी दगड पडले. हाफकिन यांनी त्यावर पोलीस बोलावले नाहीत. जमावासमोर त्यांनी स्वतः लस टोचून घेतली. पुढे कोलकात्याच्या वस्त्यांमध्ये त्यांच्यासोबत बंगाली डॉक्टर फिरू लागले. तेही लोकांदेखत आधी स्वतः सुई घेत.

१८९४ मध्ये काट्टल बागान वस्तीत साथ आली. तिथल्या सुमारे २०० रहिवाशांपैकी ११६ जणांनी लस घेतली. त्यानंतर दहा जणांना पटकी झाली आणि सात दगावले. हे सगळे लस न घेतलेले होते. वस्तीतल्या लोकांनी हे डोळ्यांनी पाहिले. त्यानंतर लसीसाठी रांगा लागू लागल्या.

मुंबईत प्लेगची लस कशी तयार झाली?

सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले. ऑक्टोबरमध्ये हाफकिन मुंबईत आले. ग्रँट मेडिकल कॉलेजमधील एक खोली आणि व्हरांडा ही त्यांची प्रयोगशाळा. मदतीला एक कारकून आणि तीन शिपाई. तीन महिन्यांत लस तयार झाली. १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी ती स्वतःला टोचून घेतली, तीही नेहमीच्या मात्रेपेक्षा कितीतरी जास्त. ताप आला, अंग दुखले, पण ते सावरले.

त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. कैद्यांपैकी सुमारे निम्म्यांनी लस घेतली. लस न घेतलेल्यांत १२ जणांना लागण झाली आणि सहा जण दगावले. लस घेतलेल्यांत दोघांना लागण झाली, मृत्यू एकही नाही. कैद्याची संमती कितपत मोकळी असते, हा प्रश्न आज नक्की विचारला गेला असता. पण लस घेतलेले आणि न घेतलेले यांची शेजारी शेजारी तुलना करून आकडे मांडण्याची ही पद्धत तेव्हा मोठी गोष्ट होती.

मग लोक का घाबरत होते?

कारण लसीआधी लोकांच्या दारात शिपाई पोहोचला होता. सरकारने फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोग कायदा आणला. १२३ वर्षांनी करोनात वापरला गेला तो हाच कायदा. घरझडत्या सुरू झाल्या. रुग्णांना आणि त्यांच्या नातलगांना बळजबरीने हलवले जाऊ लागले. त्याआधीच, ऑक्टोबर १८९६ मध्ये, संतप्त गिरणी कामगारांनी आर्थर रोडच्या रुग्णालयावर हल्ला केला होता. पुण्यात प्लेग अधिकारी रँडच्या सोजिरांनी घराघरांत घातलेल्या धुमाकुळाचा शेवट २२ जून १८९७ रोजी चापेकर बंधूंच्या गोळीने झाला.

अशा वातावरणात सरकारी सुईबद्दल अफवा पसरणे स्वाभाविक होते. हाफकिन यांचा भर लोकांनी आपणहून लस घेण्यावर होता. आगाखान तिसरे यांनी सर्वांसमोर लस घेतली, आपल्या खोजा समाजाला पुढे आणले आणि प्रयोगशाळेसाठी जागाही दिली. हजारो खोजांनी लस घेतली. आपल्या माणसाने आधी घेतली, हे कारण सरकारी फतव्यापेक्षा मोठे ठरले.

लसीवर शास्त्रज्ञांचेही आक्षेप होते. सरकारने नेमलेल्या प्लेग आयोगाने लस उपयुक्त असल्याचे मान्य केले, पण ती पूर्ण संरक्षण देत नाही, हेही नोंदवले.

मुलकोवालमध्ये काय घडले?

३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुलकोवाल गावात १०७ जणांना लस टोचली गेली. त्यांतील १९ जणांना धनुर्वात झाला आणि ते सगळे दगावले. या सर्वांना एकाच बाटलीतील लस दिली होती. उरलेल्या ८८ जणांना काही झाले नाही.

चौकशी आयोगाने ठपका मुंबईच्या प्रयोगशाळेवर ठेवला. उत्पादन वाढवण्यासाठी हाफकिन यांनी कार्बोलिक ॲसिडऐवजी उष्णतेने निर्जंतुकीकरण सुरू केले होते, हे त्याला कारण मिळाले. त्यांना पदावरून दूर केले गेले. ते भारत सोडून गेले.

सत्य बाहेर कसे आले?

चौकशीची कागदपत्रे लोकांसमोर यायला सुमारे चार वर्षे लागली. ती आली तेव्हा एक बाब ठळक झाली. बाटली उघडताना साहाय्यकाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता, आणि तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला होता. धनुर्वाताचे जंतू मातीत असतात. शिवाय ते बाटलीत आधीपासून वाढलेले असते तर दुर्गंधी आली असती. बाटली उघडली तेव्हा तशी दुर्गंधी नव्हती.

मलेरिया डासांमुळे पसरतो हे सिद्ध करून नोबेल मिळवलेले रोनाल्ड रॉस यांनी १९०७ मध्ये लंडनच्या टाइम्समध्ये ही बाजू मांडली. नामवंत शास्त्रज्ञांनी त्यांच्यासोबत सह्या केल्या. नोव्हेंबर १९०७ मध्ये हाफकिन निर्दोष ठरले.

ही पाच वर्षे फक्त एका माणसाची गेली नाहीत. प्लेग त्या काळात पंजाबात लाखोंचे बळी घेत होता, आणि मुलकोवालची आठवण लोकांना लसीपासून दूर ठेवत होती. कागदपत्रे सुरुवातीलाच उघड झाली असती, तर चूक एका चिमट्याची आहे, लसीची नाही, हे लोकांना कदाचित तेव्हाच कळले असते.

पुढे काय झाले?

हाफकिन भारतात परतले, पण मुंबईची प्रयोगशाळा त्यांना परत मिळाली नाही. कोलकात्यातही मोठे काम करायची मुभा नव्हती. शेवटी त्यांनी भारत कायमचा सोडला. २६ ऑक्टोबर १९३० रोजी स्वित्झर्लंडमधील लोझान येथे त्यांचे निधन झाले. १८९७ ते १९२५ या काळात मुंबईतून प्लेग लसीच्या सुमारे दोन कोटी ६० लाख मात्रा बाहेर गेल्या होत्या. १९२५ मध्येच परळच्या संस्थेला त्यांचे नाव देण्यात आले.

आज याचा संदर्भ काय?

पोहरादेवीच्या त्या गर्दीनंतर दोन महिन्यांच्या आत, एप्रिल २०२१ मध्ये, याच हाफकिनच्या औषधनिर्मिती महामंडळाला कोव्हॅक्सिन तयार करण्यासाठी केंद्राची परवानगी मिळाली.

लस नको म्हणणारा प्रत्येक जण अडाणी नसतो. अनेकदा त्याच्या मागे सरकारी जबरदस्तीचा किंवा दडवलेल्या चुकीचा अनुभव असतो. तांड्यावर, वाडीत, चाळीत त्याच्याशी बोलताना हाफकिन यांची रीत आजही उपयोगी पडते. आधी स्वतः घ्यायची, आकडे लोकांसमोर ठेवायचे, ताप येईल तर येईल असे सांगायचे आणि काही चुकले तर ते त्याच दिवशी कबूल करायचे.