बाकाचे भाडे आणि जॉर्ज म्युलर

जॉर्ज म्युलर म्हटले की ब्रिस्टलचे अनाथाश्रम आठवतात. संडे स्कूलच्या मुलांनाही ती हकीकत ठाऊक असते. पण त्याआधी सुमारे सहा वर्षे, १८३० साली, पाळकाच्या वेतनाविषयी त्यांनी जे ठरवले त्याची आठवण क्वचितच कोणी काढतो.

म्युलर यांचा जन्म १८०५ साली प्रशियात झाला. १८३० मध्ये ते इंग्लंडात टिनमथ येथील एका लहान मंडळीचे पाळक झाले. वेतन वर्षाला ५५ पौंड. ते येई बाकांच्या भाड्यातून. त्या काळी तिकडच्या उपासनामंदिरांत ही चालच होती. भाडे जास्त त्याला जागा चांगली. गरिबाने मागे बसावे.

याकोबाच्या पत्राचा दुसरा अध्याय वाचणाऱ्या म्युलर यांना हे सलू लागले. शिवाय, भाड्याची तारीख आली म्हणून हात आखडत दिलेले दान संतोषाचे कसे? आणि ज्यांच्या भाड्यावर आपली चूल पेटते, त्यांना न रुचणारे सत्य सांगताना पाळकाची जीभ अडखळणार नाही काय? ऑक्टोबरात मेरी ग्रोव्ह्ज यांच्याशी त्यांचा विवाह झाला आणि त्याच महिन्यात त्यांनी ठरलेले वेतन सोडले. उपासनामंदिरात एक पेटी ठेवली. ज्याला द्यायचे त्याने तीत गुपचूप टाकावे.

हे सोपे गेले नाही. पेटी उघडण्याचे काम मंडळीतल्या एका बंधूकडे होते आणि ती कित्येक आठवडे उघडलीच जात नसे. घरात पैसा संपत आला तरी म्युलर त्या बंधूला काही बोलत नसत. देवाजवळ मात्र मागत. तरी पुढच्या वर्षीची प्राप्ती जुन्या वेतनाच्या दुपटीहून अधिक झाली. १८३२ साली ब्रिस्टलला जातानाही त्यांनी हीच अट घातली: ठरीव पगार नको, बाकांना भाडे नको.

हे उदाहरण पुढे करून पाळकाचा पगार थकवणाऱ्यांना मात्र एक सांगितले पाहिजे. म्युलर यांनी सक्ती सोडली; मंडळीची जबाबदारी माफ केली नाही. सुवार्ता सांगणाऱ्याने सुवार्तेवर उपजीविका करावी, हे पौलाचे शिकवण त्यांनी कधी नाकारले नाही. निर्णय पाळकाने स्वतःपुरता घेतला होता, कमिटीने त्याच्यावर लादला नव्हता.

१० मार्च १८९८ रोजी ते प्रभूकडे गेले. सेवेसाठी त्यांच्या हातून सुमारे १५ लाख पौंड खर्च झाले होते. मागे राहिलेली स्वतःची मालमत्ता, पुस्तके व सामानसुमान धरून, १७० पौंडांचीही नव्हती.