सी ड्राइव्हच्या आधीचा गॅरी

पायथनमध्ये पाथ जोडायला 'जॉइन' नावाचं फंक्शन आहे. फोल्डर आणि फाइलचं नाव दिलं की मधली तिरकी रेघ ते स्वतःच टाकतं. पण विंडोजवर 'सी:' आणि 'नोट्स' दिलं की रेघ गायब! 'सी:नोट्स' असंच मिळतं. प्रॅक्टिकलच्या आदल्या रात्री या रेघेपायी माझे दोन तास गेले, आणि शोधता शोधता गॅरी किल्डॉल सापडला.

गॅरीचा जन्म १९४२ चा, अमेरिकेतल्या सिएटलचा. घरची शाळा होती, जहाज हाकणाऱ्यांना दिशा काढायला शिकवणारी. १९७२ मध्ये वॉशिंग्टन विद्यापीठाची पीएचडी मिळाली, आणि माँटेरेला नौदलाच्या कॉलेजात तो शिकवत होता. फावल्या वेळात इंटेलच्या चिमुकल्या चिप्सशी खेळ चालूच! त्यातूनच १९७४ मध्ये सीपी/एम ही ऑपरेटिंग सिस्टिम तयार झाली. पत्नी डोरोथीबरोबर त्याने कंपनी काढली, नाव इंटरगॅलॅक्टिक डिजिटल रिसर्च. (नाव ठेवावं तर असं!)

सीपी/एममध्ये फोल्डर नव्हतेच. एवढ्याशा फ्लॉपीला हवेत कशाला? ड्राइव्हचं अक्षर, कोलन, आठ अक्षरांचं नाव आणि तीन अक्षरांचं एक्स्टेन्शन, झाला पत्ता. जोडायचं काही नव्हतंच.

१९८० मध्ये आयबीएमची माणसं आली तेव्हा गॅरी मजेत विमान उडवत होता, म्हणून संधी हुकली, असं सगळे सांगतात. मला हे अन्यायाचं वाटतं. तो विमानाने गेला होता ग्राहकाकडे, कामालाच. करारमदार डोरोथीच बघायची. बोलणी काही जुळली नाहीत. मायक्रोसॉफ्टने सीपी/एमच्या वळणावर लिहिलेली दुसरी सिस्टिम विकत घेतली, तीच डॉस. पुढे आयबीएमने दोन्ही विकायला ठेवल्या, पण डॉस ४० डॉलरला आणि गॅरीची २४० ला! कोण घेणार?

१९८३ मध्ये डॉसमध्ये फोल्डर आले. / हे चिन्ह कमांडच्या ऑप्शन्सनी आधीच अडवलेलं, म्हणून \ घेतलं. ड्राइव्हची अक्षरं मात्र जुनीच राहिली, आणि प्रत्येक ड्राइव्हला स्वतःचा चालू फोल्डर मिळाला. म्हणून 'सी:नोट्स' म्हणजे सी वर आत्ता जिथे आहोत तिथलं नोट्स, आणि 'सी:\नोट्स' म्हणजे अगदी मुळापासूनचं. दोन्ही अर्थ खरे, मग 'जॉइन'ने आपल्या मनाने रेघ का घालावी?

१९९१ मध्ये कंपनी नॉव्हेलला विकली गेली. ११ जुलै १९९४ ला गॅरी गेला, वय फक्त ५२.

मी 'सी:' पुढे रेघ हाताने घातली. प्रोग्राम चालला.