ठेका धरणाऱ्याचे मोल

हरिनाम सप्ताहाचे दिवस आले की वाटूर, परतूर, मंठा या आमच्या भागातील देवळांच्या भिंतींवर आणि चौकाचौकांत पत्रके झळकू लागतात. कीर्तनकार महाराजांचे नाव ठळक अक्षरांत, सोबत छायाचित्र, खाली अन्नदात्यांची यादी. मृदंगाचार्यांचे नाव असलेच तर तळाशी, बारीक टाइपात. पुष्कळदा ‘साथसंगत’ एवढ्या एका शब्दात गायक, वादक, टाळकरी सारेच उरकलेले असतात. वस्तुतः मृदंगावर थाप पडल्यावाचून कीर्तन उभेच राहत नाही. तरीही बिदागीच्या वेळी महाराजांचे पाकीट आधीच ठरलेले असते आणि मृदंगवाल्याचे मात्र उरलेल्या पैशांतून ठरते. ही रीत सर्वांच्या इतकी अंगवळणी पडली आहे की तीत काही अन्याय असेल अशी शंकाही कोणास येत नाही.

अशा वेळी स्मरण होते ते उस्ताद अहमदजान थिरकवा यांचे. १३ जानेवारी १९७६ रोजी लखनौ येथे त्यांचे निधन झाले. त्यास आता अर्धशतक लोटले. संगीताच्या जाणकारांना त्यांचे नाव ठाऊक असतेच. परंतु उत्तरेतील या मुसलमान उस्तादाच्या उमेदीची बरीच वर्षे मराठी नाटक मंडळीत, मराठी नाट्यपदांच्या साथीत गेली, हे आजच्या विद्यार्थ्यांपैकी फार थोड्यांना माहीत असेल. साथीदाराचे मोल कशाने ठरते, या प्रश्नाचे उत्तर शोधणाऱ्यास त्यांच्या चरित्राइतके बोलके चरित्र दुसरे सापडणे कठीण.

उत्तर प्रदेशातील मुरादाबाद येथे १८९२ च्या सुमारास, संगीत हाच व्यवसाय असलेल्या घराण्यात त्यांचा जन्म झाला. वडील सारंगीवादक होते, तबल्याचे प्राथमिक धडे घरातच मिळाले. पुढे मुंबईत उस्ताद मुनीरखाँ यांचे शिष्यत्व त्यांनी पत्करले. मुनीरखाँनी अनेक गुरूंकडून विद्या गोळा केली होती. दिल्लीचा बोटांनी वाजणारा नाजूक किनारीचा बाज आणि पूरबचा मोकळा, सबंध पंजाचा बाज अशा दोहोंचा साठा त्यांच्यापाशी होता, आणि तो सारा या शिष्याच्या हातात उतरला. मुलाची बोटे तबल्यावर थिरकताना पाहून मुनीरखाँच्या वडिलांनी, काले खाँ यांनी, कौतुकाने त्यास ‘थिरकवा’ म्हटले आणि तेच नाव जन्माचे झाले, अशी आख्यायिका आहे. या थिरकण्यामागे दिवसाचे कित्येक तास चालणारा रियाज होता, हे सांगावयास नको.

१९१३ साली बालगंधर्व, गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे यांनी गंधर्व नाटक मंडळी स्थापन केली. १९१६ मध्ये ‘स्वयंवर’ रंगभूमीवर आले. भास्करबुवा बखले यांच्यासारख्या थोर गवयाने त्याला चाली दिल्या होत्या. नाट्यसंगीत म्हणजे त्या काळचे लोकप्रिय संगीतच होय. रेडिओ नाही, बोलपट नाही, ग्रामोफोन मोजक्या घरांत. अशा काळी रागदारी सामान्य कारकुनाच्या आणि शाळामास्तरच्या कानावर पडे ती नाटकगृहातच. थिरकवाखाँ या मंडळीत आले आणि दशकाहून अधिक काळ तेथे राहिले. सारंगीवर कादरबक्ष आणि तबल्यावर थिरकवा, ही साथ गंधर्व मंडळीचे वैभव मानली जाई.

या साथीत अवघड ते काय, असा प्रश्न एखाद्यास पडेल. बालगंधर्वांचे पद एकदा म्हणून संपत नसे. पिटातील प्रेक्षक ‘वन्स मोअर’चा गजर करीत आणि तेच पद पुनःपुन्हा, दर खेपेस निराळ्या जागांनी नटून येई. गाणारा कोठे थांबेल, कोणत्या शब्दावर रेंगाळेल, समेवर केव्हा येईल, हे आधी ठरलेले नसे. अशा वेळी तबलजीने आपली विद्या पाजळली तर पद बुडते. तो नुसताच यंत्रवत वाजवीत राहिला तर पद मरगळते. सोळा मात्रांचा त्रिताल असो की सहा मात्रांचा दादरा, लय तसूभरही हलू न देता, शब्द न झाकता, दोन ओळींमधील मोकळ्या जागेत एखादी लग्गी वाजवून लगेच मागे सरणे, हा संयम कायदे-रेले पाठ करण्याहून कठीण असतो. रंगभूमीने खाँसाहेबांच्या विद्येला मापात बसण्याची ही शिस्त लावली असे म्हटले तर ते वावगे ठरू नये. आणि त्या बदल्यात त्यांच्या तबल्याने मराठी श्रोत्याच्या कानाला चांगल्या ठेक्याची चव लावली. त्या चवीवाचून पुढे महाराष्ट्रात तबल्याच्या मैफलींना श्रोतृवर्ग मिळाला नसता.

येथे अर्थशास्त्राच्या अध्यापकास एक गोष्ट नजरेआड करता येत नाही. मुरादाबादच्या या कलावंताला महाराष्ट्रात पोसले ते कोणा राजाने नव्हे, तर तिकीट काढून नाटकास येणाऱ्या सामान्य प्रेक्षकाने. अनेकांच्या लहान लहान रकमा एकत्र आल्या आणि त्यांतून मंडळीला उत्तमोत्तम साथीदार नोकरीत ठेवता आले. साथीदाराच्या कामालाही पगार असतो, हे नाटक मंडळ्यांनी व्यवहारात दाखवून दिले. पण हा आधार बाजाराचा होता. मंडळीचा खर्च अवाढव्य. १९२० च्या ‘द्रौपदी’ नाटकाच्या थाटामाटापासून कर्जाचे ओझे वाढत गेले. १९३२ साली ‘अयोध्येचा राजा’ हा मराठी बोलपट आला आणि प्रेक्षक तिकडे वळला. नाटक मंडळ्या एकामागून एक बंद पडल्या, गंधर्व मंडळीही त्यातून सुटली नाही. प्रेक्षकांच्या तिकिटावर उभी असलेली ती सारी व्यवस्था काही वर्षांत कोसळली.

१९३६ च्या सुमारास थिरकवाखाँ रामपूरच्या नबाबांच्या दरबारी रुजू झाले. गायक मुश्ताक हुसेनखाँ यांच्यासारखे गुणीजन तेथे होते. दरबारात कदर होती, निवांतपणा होता. परंतु संस्थानांचे युगही सरत आले होते. १९४९ मध्ये रामपूर संस्थान भारतात विलीन झाले. पुढे खाँसाहेबांना लखनौच्या भातखंडे संगीत महाविद्यालयात अध्यापकाचे स्थान मिळाले. ही संस्था १९२६ साली पंडित विष्णु नारायण भातखंडे या मराठी पंडिताच्या खटपटीने उभी राहिली होती. मुरादाबादचा उस्ताद महाराष्ट्रात वाढला आणि उतारवयात मराठी माणसाने उभारलेल्या संस्थेच्या आश्रयास गेला, हा योगायोग मनोज्ञ आहे. पुढे संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार आणि १९७० मध्ये ‘पद्मभूषण’ हे सन्मान त्यांना लाभले.

नाटकाचे तिकीट, संस्थानिकाची मर्जी आणि शासनाचा पगार अशा तिन्ही आश्रयांखाली एकच माणूस जगला. दोन आश्रय त्याच्या डोळ्यांदेखत नाहीसे झाले, परंतु त्याची विद्या उणी झाली नाही. उलट, साथीदार म्हणून ज्याने उमेदीची वर्षे घालविली, त्यानेच तबल्याच्या स्वतंत्र वादनाला मैफलीत मानाचे आसन मिळवून दिले. पेशकारापासून आरंभ करून कायदा, रेला, गत अशी क्रमाने उलगडत जाणारी त्यांची बैठक ऐंशीच्या घरातही श्रोत्यांना खिळवून ठेवी. अमेरिकेतील जाझ वाद्यवृंदातही ड्रम वाजविणारा मागच्या रांगेतला गडी समजला जाई. १९३० नंतरच्या दशकात जीन क्रुपा याने त्यास पुढे आणले. देश वेगळे, वाद्ये वेगळी, परंतु मागे बसणाऱ्याला पुढे येण्यास लागलेला काळ सारखाच.

खाँसाहेबांनी विद्या कुलूपबंद ठेवली नाही. जगन्नाथबुवा पुरोहित, लालजी गोखले, निखिल घोष, भाई गायतोंडे अशा शिष्यांनी ती महाराष्ट्रात रुजविली आणि पुढील पिढ्यांच्या हाती दिली. आज एखाद्या लहान गावातील मुलगा संगीत विद्यालयात तबल्याची परीक्षा देतो, तेव्हा तो शिकत असलेल्या पाठामागे या परंपरेचा अंश असतो.

थिरकवांना थोरपण लाभले हे खरे. पण सर्वच साथीदारांना ते लाभत नाही. गावोगावचे मृदंगवादक, तमाशातील ढोलकीवाले, भजनी मंडळातील तबलजी हे तिन्ही आश्रयांच्या बाहेरच राहिले आहेत. वृद्ध कलावंतांना मानधन देण्याची शासनाची योजना आहे, ती स्तुत्यच होय. परंतु तेथे कलेच्या सेवेचा पुरावा लागतो आणि ज्याचे नाव चाळीस वर्षे पत्रकावर छापलेच गेले नाही, त्याने पुरावा आणावा कोठून? छापील नाव हा केवळ मानाचा प्रश्न नाही, म्हातारपणच्या भाकरीचाही आहे.

यासाठी फार मोठ्या सुधारणेची गरज नाही. सप्ताहाच्या पत्रकावर मृदंगाचार्यांचे नाव ठसठशीत छापावे. त्यांची बिदागी आधी ठरवावी आणि महाराजांच्या पाकिटासोबतच द्यावी. शाळा-महाविद्यालयांच्या स्नेहसंमेलनात गाणाऱ्याइतकेच वाजविणाऱ्याचेही नाव पुकारावे. यास पैसा फारसा लागत नाही. लागते ती थोडी न्यायबुद्धी. मुरादाबादहून आलेल्या, मराठी मातृभाषा नसलेल्या एका तबलजीची कदर शंभर वर्षांपूर्वीच्या मराठी प्रेक्षकाने केली. आपल्याच गावातील, आपल्याच भाषेत अभंगाला साथ करणाऱ्या माणसाची कदर करणे आपल्याला जड जाऊ नये.